तो सूट आणि ती सूट

मागच्या अंकात कोर्टाच्या कागदांतल्या इंग्रजी शब्दांविषयी लिहिताना मी एक ओळ लिहिली होती : ‘सूट म्हणजे दिवाणी दावा.’ त्या एका ओळीवर अकरा पत्रं आली. त्यातली सहा या वेळी घेते आहे. मी तीस वर्षं जिल्हा न्यायालयात भाषांतरकार होते आणि माझे वडील शिंपी होते. त्यामुळे या शब्दाशी माझी ओळख दोन्ही घरांतून आहे, आणि पत्रं वाचताना मला फार आनंद झाला.

माझा नातू दहा वर्षांचा आहे. आम्ही पत्ते खेळत असताना त्यानं सांगितलं की इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांतल्या प्रत्येकाला इंग्रजीत सूट म्हणतात. मग विचारलं, ‘बाबांनी मामाच्या लग्नात घातला तोही सूट, आणि तुझ्या मासिकात कोर्टातला सूट. हे तीन शब्द आहेत की एकच?’ मला सांगता आलं नाही. – एक आजी, नाशिक

आजी, शब्द एकच आहे. नातवानं विचारलेला प्रश्न इतका चांगला आहे की त्याला पुरं उत्तर द्यायला हवं.

लॅटिनमध्ये ‘सेक्वी’ असं एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ मागोमाग जाणं. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये एक नाम तयार झालं. १०६६ साली नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि दरबाराची, कोर्टाची, जमीनदारांची भाषा फ्रेंच झाली. त्या ओघात हा शब्द इंग्रजीत उतरला. तिथे त्याचा अगदी सुरुवातीचा अर्थ ना कपड्याचा होता, ना पत्त्यांचा. जमीन कसणाऱ्या कुळानं आपल्या धन्याच्या कचेरीत ठरलेल्या दिवशी हजर राहायचं, ही जी बांधिलकी होती, तिला सूट म्हणत. हजर राहणारा तो ‘सूटर’. पुढे लग्नासाठी मुलीच्या मागे विनवण्या करत येणाऱ्यालाही इंग्रजांनी हेच नाव दिलं.

आता धन्याच्या मागून चालणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. बडा सरदार आपल्या माणसांना एकाच रंगाचं कापड द्यायचा, म्हणजे गर्दीत कोण कुणाचा ते लांबून कळे. मागून चालणाऱ्या त्या मंडळींचं नाव हळूहळू त्यांच्या अंगावरच्या सारख्या पोशाखाला चिकटलं, आणि मग कुठल्याही एकसारख्या संचाला. सोळाव्या शतकापर्यंत पत्त्यांत एका चिन्हाच्या सगळ्या पानांनाही सूट म्हणू लागले होते. कॅटमधली ५२ पानं म्हणजे चार सरदारांची माणसं, प्रत्येकाची तेरा. नातवाला असं सांगितलंत तर त्याच्या लक्षात राहील.

कोर्टातला सूटही तिथूनच निघाला. इंग्रजीत दावा लावण्याला ‘सू’ करणं म्हणतात, आणि त्याचाही मूळ अर्थ मागे लागणं हाच. आपण म्हणतोच ना, ‘तो आपल्या हक्काच्या मागे लागला आहे.’ पाठपुरावा हा आपला शब्दही पाठीवरूनच आला आहे.

पत्त्यांचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगते. नातवाला सावंतवाडीला घेऊन जा. तिथल्या राजवाड्यात आजही गंजिफा हातानं रंगवतात. पानं गोल असतात. दशावतारी गंजिफात मत्स्य, कूर्म, वराह असे दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येक संचात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं. म्हणजे बारा दाही एकशेवीस. इंग्रजीत ज्याला सूट म्हणतात ते काय आहे, हे ती पानं समोर मांडली की एका नजरेत कळतं. प्रत्येक देव आपापली माणसं घेऊन बसलेला असतो.

कपड्यांच्या सुटाविषयी थोडं जास्त लिहिते, कारण ते घर माझं आहे.

आजचा कोट, जाकीट आणि पँट यांचा पूर्वज नेमक्या एका महिन्यात सापडतो. ऑक्टोबर १६६६. लंडनची मोठी आग विझून महिना झाला होता. राजा दुसऱ्या चार्ल्सनं दरबारात जाहीर केलं की आता आपण एक नवा पोशाख सुरू करणार आणि तो कधी बदलणार नाही. वरच्या कोटाच्या आत घालायचं लांब बंडीसारखं वस्त्र त्यात होतं. त्या काळचे लंडनकर सॅम्युअल पीप्स यांनी आपल्या रोजनिशीत ही हकिकत लिहून ठेवली आहे, आणि जॉन एव्हलिन यांनी आपल्या रोजनिशीत तो पोशाख इराणी धर्तीचा असल्याचं नोंदवलं आहे. जो पोशाख आपण पक्का विलायती समजतो, त्याच्या उगमाशी पूर्वेकडचं एक वस्त्र आहे. ते आतलं वस्त्र पुढे आखूड होत होत जाकीट झालं.

माझ्या वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण सूट कशाला म्हणायचं, हे त्यांच्याइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नाही. आमचं दुकान साताऱ्याला होतं. एकदा एक गिऱ्हाईक कोट शिवून घेऊन गेलं. कापड सुंदर होतं, राखाडी, बारीक रेघेचं. दोन महिन्यांनी ते गृहस्थ पँटचं कापड घेऊन आले. त्याच दुकानातलं, त्याच नंबरचं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखीच दिसत होती. वडिलांनी काही न बोलता कोट आणि कापड दोन्ही उचलून बाहेर ओट्यावर उन्हात नेलं. तिथे कोट किंचित निळसर दिसायला लागला आणि कापड किंचित मातकट. ‘तागा वेगळा आहे,’ वडील म्हणाले. ‘शिवून देतो, पण हा सूट होणार नाही. हा एक कोट होईल आणि ही एक पँट होईल.’ गृहस्थ जरा रागावले. वडिलांनी शिवून दिलं, आणि शिलाई नेहमीपेक्षा कमी घेतली, कारण त्यांच्या मते काम अर्धंच झालं होतं.

सुटासाठी ५८ इंची पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड लागतं. वडील ते एका ताग्यातून, सलग, एकाच दिशेनं बेतत. कोटाची लव खाली आणि पँटची वर असं कधी होऊ द्यायचे नाहीत. वरचं आणि खालचं एकाच कापडातून निघालेलं असतं, एक दुसऱ्याच्या मागोमाग येतं, म्हणून तो सूट. धन्याच्या मागून एका रंगाच्या कापडात चालणारी माणसं आणि माझ्या वडिलांचा तागा यांत सातशे वर्षांचं अंतर आहे, पण शब्द जागचा हललेला नाही.

शेजाऱ्याशी आमचा बांधावरून वाद आहे. गेल्या आठवड्यात कोर्टाचा बेलीफ कागद देऊन गेला. वर इंग्रजीत ‘रेग्युलर सिव्हिल सूट नंबर’ असं आहे. कॉलेजात जाणाऱ्या पुतण्यानं वाचून सांगितलं की कोर्टानं सूट दिली आहे. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मग तुमचं सदर वाचलं आणि शंका आली. – एक शेतकरी, बार्शी तालुका

दादा, आधी कामाचं सांगते. शब्दांचं नंतर बघू. तुमचं पत्र हाती येताच संपादकांकडून तुमचा पत्ता घेऊन मी हेच टपालानं कळवलं आहे, पण तुमच्यासारख्या इतरांसाठी इथेही लिहिते.

कोर्टानं तुम्हाला कसलीही माफी दिलेली नाही. तुमच्याविरुद्ध दावा दाखल झाला आहे. हातात आलेला कागद म्हणजे समन्स. त्याच्यासोबत वादपत्राची नक्कल असेल, त्यात शेजाऱ्यानं काय मागितलं आहे ते लिहिलेलं असतं. तो वादी, तुम्ही प्रतिवादी. तुम्हाला तुमचं म्हणणं लेखी द्यायचं आहे, त्याला कैफियत म्हणतात. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ती दाखल करायची असते. सबळ कारण असेल तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुभा देऊ शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. समन्सवर जी तारीख आहे त्या दिवशी हजर राहा. गेला नाहीत तर दावा एकतर्फी चालतो, आणि तुमची बाजू न ऐकताच हुकूमनामा होऊ शकतो. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळण्याची सोय केलेली आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असणारे, हे सगळे तिथे अर्ज करू शकतात. सात-बारा, मोजणीचा नकाशा, जुने फेरफार जे असेल ते घेऊन जा.

आता शब्दाकडे येते. पुतण्याला रागावू नका. मराठीत दोन ‘सूट’ आहेत. ते कानाला तंतोतंत सारखे लागतात आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. एक आपला स्वतःचा. तो सुटणे या धातूचा, सुटका, सुटी, सुटे पैसे, सुटसुटीत यांच्या घरातला. दुष्काळात शेतसाऱ्यात सूट मिळायची, दिवाळीत दुकानदार सूट देतो, ती ही. दुसरा इंग्रजीतून आलेला. अर्थानं दोघं एकमेकांच्या उलट टोकाला आहेत. इंग्रजी सूट मागे लागतो, जोडून ठेवतो. मराठी सूट सोडून देते, मोकळं करते.

यांना ओळखायची खूण व्याकरणात आहे. सवलतीची सूट स्त्रीलिंगी आहे : सूट मिळाली. कपड्याचा सूट पुल्लिंगी आहे : सूट शिवला. कोर्टातल्या सुटाला मराठीत आपण दावाच म्हणतो, तोही पुल्लिंगी. तो सूट, ती सूट एवढं धरून ठेवलं की घोटाळा होत नाही.

हे मला शिकवलं एका जबाबानं. नोकरीला लागून माझी चार-पाच वर्षं झाली होती. एका सावकारी व्यवहाराचा दावा अपिलात वर जाणार होता, आणि मराठी जबाबांचं इंग्रजी भाषांतर करायचं काम आमच्याकडे होतं. कर्जदार म्हाताऱ्या बाईंनी सांगितलेलं होतं, ‘त्यांनी व्याजात सूट दिली.’ एका नव्या सहकाऱ्यानं घाईत त्याचं इंग्रजी असं केलं की त्यांनी व्याजासाठी दावा लावला. दोन्ही प्रती समोरासमोर ठेवून एक वाचायची आणि दुसऱ्यानं ताडून पाहायची, याला कचेरीत रुजवात म्हणतात. रुजवात माझ्याकडे होती. मी ते वाक्य वाचलं आणि पुढेही गेले. पाच-सहा ओळी पुढे गेल्यावर ‘दिली’मधली वेलांटी मनात टोचली. दावा असता तर बाई ‘दिली’ म्हणाल्या असत्या का? मागे येऊन वाक्य दुरुस्त केलं. त्या बाईंचा सगळा बचाव एवढाच होता की सावकारानं व्याज सोडलं होतं. आमच्या हातून तो कागद तसाच गेला असता तर वरच्या कोर्टात त्यांच्याच तोंडून त्यांच्या बचावाच्या उलट निघालं असतं. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी रुजवात कधी चहा घेता घेता केली नाही.

इंग्लंडमध्ये हेच दुखणं साडेसहाशे वर्षांपूर्वी होतं. कोर्टाचं कामकाज फ्रेंचमध्ये चाले आणि ज्याचा दावा त्याला काय बोलणं चाललंय ते कळत नसे. म्हणून १३६२ साली तिसऱ्या एडवर्डच्या राजवटीत कायदा झाला की दाव्यांत बोलणं इंग्रजीत व्हावं. तो कायदा लिहिला मात्र फ्रेंचमध्येच होता. तुमच्या हातातला कागद मराठीत असता तर तुमच्या घरात तो एक दिवसाचा खोटा आनंद झाला नसता, आणि कैफियतीच्या तीस दिवसांतले चार मोलाचे दिवस गेले नसते. दिवाणी कज्जात गरिबाला सगळ्यात आधी लागतो तो त्याला वाचता येणारा कागद, असं माझं ठाम मत आहे.

मी ‘हा रंग मला सूट होत नाही’ असं म्हटलं की आई चिडते. म्हणते, मराठीत शब्द नाहीत का? खरंच एक शब्द आहे का? – एक विद्यार्थिनी, पुणे

एक शब्द नाही. पाच-सात आहेत, आणि आईच्या चिडण्यामागचं खरं कारण ते असावं.

‘सूट होणे’ हे संचावरूनच आलं. जे एकत्र जातं, जुळतं, ते सूट होतं. इंग्रजीत रंग, हवा, औषध, वेळ, नोकरी सगळ्यांना हे एकच क्रियापद चालतं. मराठीत तसं नाही. रंग खुलतो किंवा शोभतो. गव्हाळ वर्णाला मोतिया रंग खुलतो. दागिना साजतो. हवा, पाणी, जेवण, औषध हे मानवतं किंवा मानवत नाही. माझ्या आईला लग्नानंतर साताऱ्याचं पाणी मानवायला वर्ष लागलं, असं ती सांगायची. वेळ सोयीची पडते. काम जमतं, पेलतं, झेपतं. स्थळ अनुरूप असतं. एखादी गोष्ट नकळत आपल्या फायद्याची ठरली तर ती पथ्यावर पडते. आणि कपडा अंगाला बसतो. वडिलांचा शब्द याहून सुंदर होता : अंगावर बेतलेला. बेतणे म्हणजे माप घेऊन कापड कापणं. दुकानात मी हा शब्द दिवसातून वीस वेळा ऐकत असे, आणि ‘जिवावर बेतलं’ हे ऐकलं की लहानपणी मला मरणाच्या हातात कात्री दिसायची.

यातला मानवणे मला फार प्रिय आहे. मानवतं म्हणजे शरीर त्याला मान देतं, आपलं म्हणतं. डॉक्टरांना ‘गोळी सूट झाली नाही’ सांगितलं तर त्यांना कळतं, आणि दवाखान्यात एवढं पुरे आहे. पण घरी, आईशी, मैत्रिणीशी बोलताना ‘मानवली नाही’ म्हणून पाहा. पुढचं वाक्यही वेगळं येईल.

आईला माझा नमस्कार सांग.

मी भाषांतराचा अभ्यासक्रम करतो. इंग्रजी बातमीत होतं की एका बँकेनं कर्जाचे व्याजदर वाढवले आणि इतर बँकांनी ‘फॉलोड सूट’. मी लिहिलं, ‘इतर बँकांनीही सूट दिली.’ सरांनी लाल रेघ मारली, कारण सांगितलं नाही. – एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

कारण मी सांगते. तू लिहिलंस त्याचा अर्थ, इतर बँकांनी सवलत दिली. मूळ बातमीत त्यांनीही दर वाढवले. तो सूट तू ती सूट केलीस. बार्शीच्या दादांच्या पत्रावरचं उत्तर वाच, तुला लिंगाची खूण सापडेल.

हा वाक्प्रयोग पत्त्यांतला आहे. मेंढीकोट खेळला असशील. पहिल्यानं बदामाची उतारी केली की बाकीच्यांनी हातात बदाम असेपर्यंत बदामच टाकायचा. नसला तरच हुकूम मारायचा किंवा दुसरं पान टाकायचं. इंग्रजीत या बदामामागून बदाम टाकण्याला ‘फॉलो सूट’ म्हणतात. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचा अर्थ मागोमाग जाणं असाच. ज्याच्या हातात एका चिन्हाची भारी पानं जास्त, त्याचा तो ‘स्ट्राँग सूट’, आणि मग माणसाच्या हातखंड्याच्या विषयालाही तेच म्हणायला लागले.

मराठीत पत्त्यांतला वाक्प्रचार शोधू नकोस. आपल्याकडे हेच सांगायला फार चांगले शब्द आहेत आणि ते आपल्या जगण्यातून आलेले आहेत. कित्ता गिरवणे हा पाटीवरचा : गुरुजींनी काढलेल्या अक्षरावरून पेन्सिल फिरवायची. री ओढणे हा कीर्तनातला : बुवांनी चरण म्हटला की मागच्या टाळकऱ्यांनी त्याच सुरात तो धरायचा. पण दोन्हींना स्वतःचा रंग आहे. कित्ता गिरवणे कौतुकानंही येतं. री ओढणे यात ‘स्वतःचं काही न सांगता’ अशी छटा येते. बँकेच्या बातमीत दोन्ही जड होतील. तिथे ‘पाठोपाठ इतर बँकांनीही दर वाढवले’ एवढंच लिही. साधं वाक्य बरोबर असेल तर त्याच्यावर अलंकार घालायचा मोह टाळ. तीस वर्षांत मला सर्वांत उशिरा जमलेली गोष्ट ही होती.

म्हापशाला एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करते. मोठ्या खोल्यांना पाहुणे सूट म्हणतात, आमचे मॅनेजर स्वीट म्हणायला लावतात. बरोबर कोण? – एक वाचक, गोवा

मॅनेजर. स्पेलिंगच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर आहे, आणि सतराव्या शतकात इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून दुसऱ्यांदा घेतला तेव्हा उच्चारही फ्रेंच धाटणीचा ठेवला. एकीतून दुसरीत जाता येईल अशा मागोमागच्या खोल्या, म्हणून ते नाव. कॉम्प्युटरवरच्या कार्यक्रमांच्या संचालाही हाच शब्द आणि हाच उच्चार. पाहुण्यांना मात्र दुरुस्त करू नका. खोली तीच मिळणार आहे.

इथल्या कापडाच्या दुकानात ‘सूट दाखवा’ म्हटलं की सलवार, कमीज, ओढणी काढतात. माझ्या पुण्याच्या नणंदेला हे चुकीचं वाटतं. – एक वाचिका, नागपूर

वन्सबाईंना सांगा, चुकीचं नाही. उत्तरेत सगळीकडे असंच म्हणतात आणि हिंदीच्या शेजारामुळे तुमच्याकडेही आलं. तीन वस्त्रं, एकमेकांना जुळणारी, एकाच संचातली : जुन्या अर्थानं हा पक्का सूट आहे. उलट पोहायचा सूट बघा. तो एकच कपडा, त्याच्या जोडीला काही नाही, तरी नाव चालतं. आपल्या लग्नांत आहेरात सूटपीस देतात, त्यात बहुतेक वेळा एकाच ताग्याचं कापड असतं. ते मात्र उन्हात नेऊन पाहूनच घ्या.

हे सदर पूर्ण करायला बसले होते तेव्हा आणखी एक पत्र आलं. ते प्रश्नाचं नाही, भर घालणारं आहे. वाईच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी लिहिलं आहे : ‘तुम्ही ज्या लॅटिन धातूविषयी बोलाल, त्याचं संस्कृत भावंड विसरू नका.’ गुरुजी, मी विसरले असते. बरं झालं लिहिलंत.

लॅटिन ‘सेक्वी’ आणि संस्कृत ‘सच्’ हे एकाच मुळाचे. सचते म्हणजे सोबत असतो, सोबत जातो. सचिव या शब्दाचा अर्थ त्यामुळेच सोबत असणारा. सखा हाही त्याच घरातला. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्ताच्या शेवटच्या ऋचेत अग्नीला म्हटलं आहे, ‘सचस्वा नः स्वस्तये’ : बाप जसा मुलाला सहज जवळचा असतो तसा तू आम्हाला हो, आणि आमच्या कल्याणासाठी आमच्या सोबत राहा. तो ‘सचस्व’ आणि नाशिकच्या नातवाच्या हातातलं बदामाचं पान, एका कुळातले निघाले.

गुरुजींचं पत्र वाचून मी वडिलांची मापाची वही काढली. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडानं बांधलेली. छाती, कंबर, बाही, उंची, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. आयुष्यभर त्यांनी सूट शिवले, पण त्या वहीत सूट हा शब्द कुठेही नाही. जिथे कोट आणि पँट एकाच ताग्यातून बेतलेली आहेत, तिथे समोर त्यांनी लिहिलं आहे : ‘जोड’. आणि त्या राखाडी कापडाच्या गृहस्थांच्या नावापुढे दोन वेगळ्या ओळी आहेत. कोट १. पँट १.